पंधरावी सही

वृद्धांच्या चेहऱ्यावर हसू फुलवण्याइतकं पुण्याचं काम जगात दुसरं नाही. हे वाक्य माझ्या नेमणूकपत्रात आहे. त्याच्याच खाली असंही आहे, की प्रत्येक कार्यक्रमाला किमान पंधरा सह्या हव्यात. सलग तीन महिने कमी भरल्या तर करमणूक समन्वयकाचं पद रद्द.

आमच्या आश्रमात माणसं चौदा.

पनवेलहून कळंबोलीला जाताना लोखंड बाजाराच्या जरा अलीकडे आमची इमारत लागते. दुपारभर सळ्या उतरवल्याचा खणखणाट चालू असतो, त्यामुळे ध्यानधारणा पहिल्याच आठवड्यात बाद झाली. हास्यक्लबात एकटा मी हसलो. कागदाची फुलं करायला दिली, तेव्हा उरणला चाळीस वर्षं मासळी विकलेल्या सोनाबाईंनी कात्री खाली ठेवली आणि विचारलं, "मास्तर, ही फुला कोनाला घालाची? आमालाच ना?" रेबेकाबाई आपटेकर बेने इस्रायली, निवृत्त मुख्याध्यापिका. त्या वेळेवर यायच्या, शेवटपर्यंत ताठ बसायच्या आणि जाताना "प्रयत्न चांगला होता" म्हणायच्या. कामोठ्यातला माझा कॉमर्सचा क्लास बंद पडल्यावर बावन्नाव्या वर्षी ही नोकरी मिळाली होती. ही गेली तर दुसरी कोणी देणार नव्हतं.

दोन महिने चौदा सह्या गेल्या. तिसऱ्या महिन्यात मी नियम पुन्हा वाचले. आसपासच्या ज्येष्ठांनाही कार्यक्रमाला यायची मुभा होती. आजवर एकही आला नव्हता, हा भाग वेगळा. मी सह्यांच्या रजिस्टरात पंधराव्या ओळीत लिहिलं: भावना ठोंबरे, वय ७९, राहणार कामोठे. नाव 'ज्येष्ठांच्या भावना जपा' या भिंतीवरच्या फलकावरून सुचलं, आडनाव दारात उभ्या टेम्पोवरून. डाव्या हाताने थरथरती सही ठोकली. तीन महिन्यांत माझा एवढा एकच उपक्रम यशस्वी झाला.

पुढच्या मंगळवारी हाऊजी होती. खिडकीजवळची खुर्ची रिकामी दिसली म्हणून मी तिच्यावर पिशवी ठेवली. तिथे कोणी बसलेलं असावं तशी सोनाबाईंनी ती उचलून माझ्या हातात दिली. यांनी रजिस्टर वाचलं आणि आता सगळे मिळून माझी फिरकी घेतायत, असं मी धरून चाललो. सोनाबाईंना वाचता येत नाही, हे घरी गेल्यावर आठवलं.

हाऊजी मात्र रंगली. पहिल्यांदाच. मी आकडा पुकारला की चौदा डोकी खिडकीकडे वळायची आणि मग खुदखुदायची. माझ्याकडे कोणी बघेना. काय चाललंय, असं मी दिनानाथांना विचारलं. ते एसटीचे निवृत्त कंट्रोलर.

"काही नाही हो," ते म्हणाले. "त्या तुमची नक्कल करतायत."

"कोण त्या?"

दिनानाथांनी, फलाटावर बोर्ड लावलेला असूनही चौकशी करणाऱ्या प्रवाशाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि तिकिटात डोकं घातलं.

संध्याकाळी रजिस्टर उघडून मी डाव्या हातात पेन घेतलं. पंधरावी सही झालेली होती. वळण माझंच, फक्त थरथर खरी वाटत होती.

मग रेबेकाबाईंच्या नातवाचं, रोनेनचं, तिकडे इस्रायलमध्ये ऑपरेशन सुखरूप पार पडलं आणि त्यांनी नवसाचा मलिदा केला. गूळ-खोबऱ्याचे गोड पोहे, वेलची, वर खजूर आणि फळं. मी तो लगेच 'सांस्कृतिक उपक्रम' म्हणून अहवालात घातला आणि बशा मांडल्या. चौदा त्यांच्या, एक माझी. रेबेकाबाई म्हणाल्या, एक कमी आहे.

"एलियाहू हन्नाबींची ना?" मलिद्यात या प्रेषिताचा वाटा असतो, एवढं माझं सामान्यज्ञान मी दाखवलं.

"त्यांचं ताट केव्हाच वेगळं ठेवलंय, सर. ही भावनाताईंची. केळं घालू नका, त्यांना चालत नाही."

मी चिडलो होतो. मुद्दाम केळ्याचे चार काप घातले आणि बशी खिडकीशी नेऊन आपटली. आवरताना बघितलं तर बशी रिकामी होती. केळ्याचे चार काप कडेला, ओळीने.

हे कोणाला सांगायचं म्हटलं तर आधी खोटी सही सांगावी लागली असती.

अहवालातली वाढलेली उपस्थिती विश्वस्त कृष्णकांतजींना खटकली. शनिवारी हाऊजी चालू असताना ते स्वतः डोकी मोजायला आले. चौदा खुर्च्या भरलेल्या, खिडकीजवळची रिकामी. माझ्या खिशात राजीनामा होता, शुद्धलेखन तपासलेला.

ते बोट नाचवत पुढे सरकले.

बारा. तेरा. चौदा.

खिडकीपाशी बोट थांबलं. कृष्णकांतजींनी हात जोडले, मान लववली.

"पंधरा," ते म्हणाले.

बाहेर सळ्यांचा आवाज थांबला होता.

त्यांना सोडायला मी फाटकापर्यंत गेलो. गाडीत बसता बसता ते म्हणाले, "त्या खिडकीजवळच्या आजी. खेळात लक्षच नाही हो त्यांचं. सारखं तुमच्याकडेच बघतात."

मला वर्षभराची मुदतवाढ मिळाली. अट एकच, सर्वांचे लेखी अभिप्राय घ्यायचे. फॉर्मवर दोन प्रश्न होते. मी चौदा झेरॉक्स काढल्या.

पंधरा फॉर्म परत आले. चौदांवर 'छान' होतं, सोनाबाईंच्या फॉर्मवर अंगठा आणि शेजारी रेबेकाबाईंच्या अक्षरात 'छान'. पंधरावा खाली होता, माझ्या डाव्या हाताच्या अक्षरात.

कार्यक्रम आवडतात का? नाही.

येण्याचं कारण? नाव तुम्ही घातलंत.