एकास एक

दर गुरुवारी सकाळी दुसरा चहा झाला की मिलिमीटर गाड्या पुसायला घेत. हे नाव त्यांना कचेरीने दिलेले. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी चौतीस वर्षे नकाशे काढले आणि रेघ केसभर हलली तरी हाताखालच्यांना अख्खा कागद पुन्हा काढायला लावला. निरोपाच्या भाषणात साहेबांनीसुद्धा तेच नाव घेतले, सगळे हसले, आणि खरे नाव कायमचे मागे पडले.

गाड्या म्हणजे खरे तर एकच गाडी, पाच मापांत. अकरा चाळीसची तीन डब्यांची पॅसेंजर, वर सायीच्या रंगाची, खाली तपकिरी. सगळ्यात छोटी एकास दोनशे वीस, म्हणजे खऱ्या गाडीच्या दोनशे विसाव्या हिश्शाएवढी, तिचा डबा मधल्या बोटाएवढा. मग एकास एकशे साठ, एकास सत्त्याऐंशी, एकास पंचेचाळीस, आणि शेवटी एकास साडेबावीस. तिच्या तीन डब्यांना बैठकीच्या खोलीची एक भिंत पुरत नव्हती, म्हणून दिवाण हलवावा लागला होता. घरी आलेला माणूस हमखास चुके. दोनशे वीस म्हणजे मोठी गाडी असणार, असे त्याला वाटे. "आकडा महान, मूर्ती लहान," असे मिलिमीटर सांगत, आणि या विनोदाला दर वेळी तेच आधी हसत.

गाड्या जमवणारे इतर लोक त्यांना विचारत की जगात एवढ्या गाड्या आहेत, तुम्ही एकीच्याच मागे का? ते विषय बदलत. अकरा वर्षांपूर्वी याच गाडीने त्यांची बायको बहिणीकडे निघाली होती. मिलिमीटरांनीच तिला तिसऱ्या डब्यात चढवून दिले. पाचव्या स्टेशनवर बहीण उभी होती. गाडी आली, गाडी गेली, ती काही उतरली नाही. भांडण नव्हते, आजार नव्हता, चिठ्ठी नव्हती. पोलिसांनी रुळांच्या दोन्ही बाजू पिंजून काढल्या. नातेवाइकांत कुजबुज झाली, तेव्हा मिलिमीटरांनी नातेवाइकांकडे जाणे सोडले. त्यानंतर सहा महिन्यांनी त्यांनी पहिली गाडी घेतली.

विकत घेताना डब्यांत रंगवलेली माणसे बसवलेली असत. घरी आणल्यावर छत काढून ते एकेकाला चिमट्याने उचलून बाहेर काढत. बायको बसलेली नाही, तर दुसऱ्या कुणी का बसावे? पाचही गाड्या रिकाम्या होत्या.

पुसण्याचा क्रमही ठरलेला. नकाशावाल्याची सवयच तशी: आधी लहान मापाचा कागद, मग मोठ्या मापाचा, सगळ्यात शेवटी तपशील. म्हणून सुरुवात छोटीपासून.

त्या गुरुवारी छोटीच्या तिसऱ्या डब्याशी ब्रश थांबला. खिडकीच्या आत काहीतरी पिवळसर दिसत होते, तांदळाच्या दाण्याएवढे. त्यांनी भिंग लावले. खिडकीपासून जरा आत, बाकावर एक बाई टेकून बसली होती. मोहरीच्या फुलासारखा पिवळा कोट.

दोन महिन्यांपूर्वी हीच गाडी चाक बदलायला दुकानात दिली होती. त्यांनी लगेच दुकानदाराला फोन लावला. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुमच्या डब्यात मी माणूस बसवीन? मला धंदा करायचाय अजून." त्यात लपवाछपवी वाटली नाही. मिलिमीटरांनी फोन ठेवला आणि दुसऱ्या गाडीकडे गेले.

एकास एकशे साठमध्ये ती पुढे झुकली होती, हात गुडघ्यांवर. एकास सत्त्याऐंशीमध्ये ती बाकावरून अर्धी उठलेली. एकास पंचेचाळीसमध्ये ती डब्याच्या मधल्या वाटेत उभी, एका हाताने बाकाची पाठ धरून. आणि भिंतीजवळच्या मोठ्या गाडीत तिसऱ्या डब्याचे दार उघडे होते. ते दार त्यांनी कधी उघडले नव्हते. बोटभर उंचीची बाई दारात उभी होती, एक पाय पायरीवर, एक आत, तोंड इंजिनाकडे. दाराचा दांडा तिने डाव्या हाताने धरला होता.

बायको डावरी होती.

मिलिमीटर खुर्चीत बसले, उठले, पाणी प्यायला गेले आणि न पिताच परत आले. मग त्यांनी मुलीला फोन केला. मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. ती जेवणाच्या सुट्टीत आली ती भिंगांची पेटी घेऊनच, आणि तिने गाड्यांकडे ढुंकूनही न पाहता आधी बापाला उजेडात बसवले. बराच वेळ खालीवर पाहायला लावून तिने डोळे ठणठणीत असल्याचा निकाल दिला. तो तिला फारसा आवडलेला दिसला नाही. डोळ्यांत दोष निघाला असता तर तिला बरे वाटले असते.

मग ती मोठ्या गाडीपुढे गुडघे टेकून बसली. कितीतरी वेळ तिने भिंग डोळ्यावरून काढले नाही.

"बाबा, कोटाचं दुसरं बटण निळं आहे," ती म्हणाली. "ते मी लावलं होतं. आई रागावली होती, पण काढलं नाही तिने."

मिलिमीटरांनी तिला पाचही गाड्या क्रमाने दाखवल्या. छोटीत ती बसली आहे. मग पुढे झुकली, मग उठली, मग वाटेत आली, मग दारात. ती उतरतेय, ते म्हणाले. मापामापाने मोठी होत बाहेर येतेय.

"आणि पुढचं माप?"

"एकास एक. म्हणजे खरी अकरा चाळीस."

मुलीने भिंग पुसून पेटीत ठेवले, पुन्हा काढले, पुन्हा ठेवले. कुणीतरी आपली क्रूर थट्टा करतेय, असे ती म्हणाली खरी, पण बोलण्यात जोर नव्हता. आई गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि त्या सकाळी परीक्षेच्या नादात तिने आईकडे वर मान करूनही पाहिले नव्हते. दुकानात फोन करून तिने उद्याची रजा सांगितली.

दुसऱ्या दिवशी दोघे साडेदहालाच स्टेशनवर पोचले. मिलिमीटरांच्या पायाला भिंगरी लागली होती. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते चालत राहिले. तिसरा डबा कुठे थांबतो हे त्यांना ठाऊक होते, तरी पावले मोजून त्यांनी जागा दोनदा तपासली. इतक्या वर्षांनी काय बोलायचे, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला.

गाडी वेळेवर आली. तिसऱ्या डब्याचे दार बरोबर त्यांच्यापुढे थांबले आणि उघडले.

कुणी उतरले नाही.

गाडी इथे तीन मिनिटे थांबते. एक मिनिट तसेच गेले. मिलिमीटरांचा गुडघा गेले वर्षभर पायरी चढायला साथ देत नव्हता.

"आत जाऊन बघ," ते मुलीला म्हणाले.

मुलीने पाय पायरीवर ठेवला, दांडा धरला आणि थांबली. तेवढ्यात पुढे इंजिनाची शिट्टी झाली, म्हणून तिने मान तिकडे वळवली. एक पाय पायरीवर, एक आत.

"बघ ना लवकर," ते म्हणाले.

ती आत गेली.

खिडक्यांतून तिचा राखाडी स्वेटर दिसत होता. ती मधल्या वाटेत आली, बाकाची पाठ धरून उभी राहिली. मग अर्धी वाकली, जणू कुणी बसलेल्याशी बोलत होती. मग खाली बसली. हात गुडघ्यांवर.

मिलिमीटर खिडकीच्या काचेशी गेले.

दार, वाट, अर्धे वाकणे, बसणे. उठणारा माणूस आणि बसणारा माणूस अर्ध्या वाटेत सारखाच दिसतो. त्यांनी कागद उलट्या टोकाकडून वाचला होता. गाडी बनवणारा आधी खरी गाडी मोजतो आणि मग लहान करत नेतो. एकास एक हे शेवटचे माप नव्हते. ते पहिले होते.

त्यांनी काचेवर मूठ आपटली. दोनदा, तीनदा. तिने मागे टेकून डोळे मिटले.

गाडी सुटली.

स्टेशनमास्तरांनी पुढच्या स्टेशनवर फोन केला. तिसरा डबा रिकामा होता, गार्डने स्वतः फिरून पाहिला. दुसऱ्या स्टेशनवर तेच उत्तर, पाचव्यावरही तेच. मुलीचा फोन लागत नव्हता. पोलिसांनी मिलिमीटरांना बसायला खुर्ची दिली. ते बसू शकले नाहीत. आत जाऊन बघ असे आपणच सांगितले, हे त्यांनी जबाबात तीनदा लिहून घ्यायला लावले.

चार वाजता ते घरी आले. बूट न काढता भिंतीजवळ गेले.

मोठ्या गाडीचे दार बंद होते. दारात कुणी नव्हते.

या वेळी ते बरोबर क्रमाने गेले. एकास पंचेचाळीस रिकामी. एकास सत्त्याऐंशी रिकामी. एकास एकशे साठ रिकामी.

त्यांनी भिंग उचलले. ते छोटीच्या तिसऱ्या डब्याशी नेले.

पिवळा कोट सरकून अगदी खिडकीशी गेला होता. त्याला खेटून राखाडी स्वेटर. दोघी मागे टेकून निवांत बसल्या होत्या.

समोरच्या बाकावर एक पांढरा ठिपका होता. रंग उडाला असेल, असे त्यांना आधी वाटले. मग त्यांनी भिंग नीट बसवले.

घडी घातलेला रुमाल होता. दोघींनी जागा धरून ठेवली होती.