हाकोदातेला गेलेला फोन

"माझ्या नावानं कुणीतरी नोकरी नाकारली," दिएप म्हणाली.

कोबेतल्या त्या लहानशा कचेरीत गुप्तहेर सेत्सुको कुवाबारानं तिच्यापुढे चहा सरकवला. दिएप व्हिएतनामची, जहाजांच्या इंजिनांची अभियंता. तिचा जपानी नवरा गेल्या हिवाळ्यात वारला. दूर उत्तरेकडच्या हाकोदातेतल्या एका कंपनीनं तिला निवडलं होतं, व्हिसासाठी हमीही देणार होती. तेवढ्यात कंपनीला फोन गेला.

"फोनवाला नेमकं काय म्हणाला?"

"'दिएप येणार नाही. तुमच्या हमीची तिला गरज नाही, जपानमध्ये राहायची परवानगी तिला आहेच.' पुरुषाचा आवाज, बोली इथलीच. मला कळेपर्यंत जागा सुजितला गेली."

"मग सुजितच की," नोमिया म्हणाला. सेत्सुकोचा हा सहकारी निवृत्त पोलीस होता. पहिल्या संशयितावर त्याचा फार जीव.

नेपाळचा सुजित इतकी वर्षं कोबेत होता की बोली अस्सल इथलीच वाटे.

"जागा मला मिळाली म्हणून चोरही मीच का? मे महिन्यात तिच्या व्हिसाची मुदत संपतेय. नोकरी नाही तर परत जायचं, हे आम्हा परदेशी माणसांना पाठ असतं हो."

व्हिसाची कामं करणारा इसोवा दिएपवर नाराज होता. त्यानं सुचवलेली नोकरी तिनं घेतली नव्हती.

"नवऱ्यामुळे मिळालेली राहायची परवानगी तो गेल्यावर वाढवून मिळत नाही, हे मीच तिला समजावलं," तो म्हणाला. "ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती."

शेवटी दिएपच्या सासऱ्यांचं घर. म्हाताऱ्या हातानाकांनी स्वतः मिसो सूप वाढलं.

"एवढ्या लांब थंडीत कशाला जायचं? इथं काय कमी आहे? सून आहे ती या घरची. सुनेला कोण बाहेर काढतंय?"

सेत्सुकोनं वाटी खाली ठेवली. तिथेच असलेल्या दिएपला तिनं जवळ बसवलं.

"फोन करणाऱ्याला नोकरी मोडायची होती, पण त्यानं खोटं एकच सांगितलं: ती येणार नाही. परवानगीचं तो मनापासून बोलला. नियम माहीत असलेला माणूस तसं बोलला नसता. तिनं हमी मागितलीय हे कंपनीला ठाऊक होतं, त्यांना शंका येईल, अशी भीती त्याला वाटली असती. सुजितला नियम माहीत. इसोवाला माहीत. माहीत नव्हता तो एकालाच."

नोमियानं म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"सून म्हणजे कायमची, असं वाटलं मला," हातानाका हळूच म्हणाले. "घर फार मोठं झालंय गं, तो गेल्यापासून."

"मीच सांगायला हवं होतं, बाबा. तुम्ही आधीच इतके खचला होतात. आणखी हे कशाला, असं वाटलं."

दुसऱ्याच दिवशी हातानाका हाकोदातेला गेले, कंपनीच्या साहेबापुढे कमरेत वाकून उभे राहिले. साहेबानं त्यांना बसवलं, चहा दिला. जागा भरली होती. दिएपचं दुसरीकडेही कुठे वेळेत जमलं नाही.

मे महिन्यात विमानतळावर ते तिची बॅग ओढत आत निघाले, तेव्हा पहारेकऱ्यानं अडवलं. "आजोबा, इथून पुढे फक्त प्रवासी."

त्यांनी बॅग तिच्या हाती दिली.

"बाबा, घरी जाऊन नीट जेवाल ना?"

ते मान हलवत राहिले, ती दिसेनाशी झाल्यावरही.