बापूंच्या खुर्चीवरचं ऑर्किड

डोंगरातल्या जंगलात वादळाने पडलेल्या झाडावरून दादाने ते ऑर्किड उचलून आणलं, तेव्हा आमच्या रोपवाटिकेत ते बांधायला एकही ओंडका शिल्लक नव्हता. दादाला धीर कुठला! त्याने ते सरळ बापूंच्या खुर्चीच्या लाकडी हातावरच सुतळीने बांधलं.

"अरे, ही खुर्ची आहे की झाड?" मी ओरडले.

"चार दिवस तर आहे. ओंडके आले की हलवतो."

बापू, म्हणजे आमचे वडील, नुसते हसले. आजारपणापासून त्यांचा उजवा हात लुळा पडला होता, आणि तो दिवसभर त्याच लाकडावर पडून असायचा. तिकडे दादाची मुलगी दिवस भरायच्या आधीच जन्मली होती. ती अजून दवाखान्यात, काचेच्या पेटीत होती. बापूंचा हट्ट एकच: "नातीला दोन्ही हातांनी घेईन, नाहीतर घेणारच नाही." ऐकून मला रडूच यायचं.

ऑर्किडचं मूळ म्हणजे एक नंबरचं आळशी. हे मात्र बघता बघता बापूंच्या मनगटावर चढलं आणि चपटं होऊन चिकटलं. काढणार कसं? वाढतं हिरवं टोक दुखावलं की मूळ तिथेच थांबतं, हे आम्हाला बापूंनीच शिकवलेलं.

"राहू दे गं," ते म्हणाले. "गुदगुल्या होतात."

गुदगुल्या? त्या हाताला सुई टोचलेलीही कळत नव्हती!

मग करंगळी हलली. मग अंगठा. दादा कुंड्यांमधून वेड्यासारखा नाचला, मी पाण्याचा पाइप त्याच्यावरच सोडला. डॉक्टरीणबाईंनी हात पुन्हा पुन्हा दाबून पाहिला.

"एवढा गार का लागतोय?" एवढंच बोलल्या.

नात घरी आली त्या सकाळी ऑर्किड पांढऱ्या फुलांनी भरून गेलं होतं, आणि मुळांनी मनगट आपणहून सोडलं होतं. बापूंनी दोन्ही हात पुढे केले. वहिनीने बाळ दिलं. आम्ही सगळेच रडत होतो, हसत होतो. एवढा आनंद आमच्या घराने कधी पाहिला नव्हता.

"आणा बापू, दूध पाजते," थोड्या वेळाने वहिनी म्हणाली.

"घे की."

तिने बाळ उचललं. बापूंचा उजवा हातही बरोबर उचलला गेला.

"सोडा ना आता," दादा हसत म्हणाला.

"मी कुठे धरलंय?" बापूही हसत होते.

बाळ शांत झोपलं होतं. मी दुपटं बाजूला केलं.

बापूंची बोटं बाळाच्या पाठीवर चपटी होऊन पसरली होती, आणि नखांच्या जागी कोवळी हिरवी टोकं होती.