किन्हीराजाचा पडदा

मंगरूळपीरच्या बाजारात त्या दिवशी भादव्याची भुरभुर चालू होती. कस्तुरानं डोक्यावर पोत्याची खोळ घेतली होती आणि पुढ्यात वांग्यांची टोपली मांडली होती. एक तरुण माणूस बराच वेळ टोपलीसमोर उकिडवा बसला होता. वांगं उचलायचा, फिरवायचा, उजेडाकडे धरायचा... आणि परत ठेवून द्यायचा.

"घ्याचं हाये, का नुसती नजर लावाची हाये?" शेवटी कस्तुरा म्हणाली.

"पाहून राह्यलो," तो म्हणाला. "याच्यात जांभळा कुठं सरते अन् काळा कुठून लागते, तेच समजून नाई राह्यलं."

"भाजीत टाकलं का दोन्ही सरते."

तो हसला. भुवईवर अडकलेला पावसाचा थेंब गालावर घसरला. "एकच द्या."

"एका वांग्याची भाजी होते का कुठं?"

"भाजी कोणाले कराची हाये? मले असा रंग कालवाचा हाये."

असलं गिऱ्हाईक तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं टोपलीतलं सगळ्यांत तुकतुकीत वांगं निवडून त्याच्या हातात दिलं आणि घरी येईपर्यंत उगाचच हसत राहिली.

ही छत्तीस सालची गोष्ट. कस्तुरा किन्हीराजा गावच्या बापूराव माळ्याची एकुलती एक लेक. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि अकराव्या वर्षी नवरा तापानं गेला. त्याचा चेहराही तिला नीट आठवत नव्हता. बापूरावांनी लेकीला घरी आणली आणि लोक काय म्हणतील ते म्हणोत, असं म्हणून शाळेत घातली. ती चौथी पास झाली. आता वीस वर्षांची कस्तुरा सकाळी मळ्यात खपायची आणि दुपारी शाळा सुटली की तिथल्या पडवीत गावातल्या सात-आठ बायांना अक्षरं शिकवायची. फुटक्या पाट्या, खडूचे तुकडे आणि हसण्याखिदळण्याचा कल्ला. गाव त्याला 'म्हाताऱ्यांची शाळा' म्हणायचं.

चार दिवसांनी ती पडवीत गेली, तर तिथं मांजरपाटाचं भलंमोठं कापड पसरलेलं. शेजारी गेरू, पिवडी, निळीची मडकी आणि रंग घट्ट धरावा म्हणून चुलीवर उकळणारा सरस. त्या सगळ्याच्या मधोमध तोच!

"तुमी?" दोघं एकदमच म्हणाले.

त्याचं नाव चंपत. नाटकाचे पडदे रंगवायचा. गावच्या नाटक मंडळीनं दसऱ्यासाठी त्याला बोलावलं होतं. मंडळीचे मुख्य रंगराव पाटील त्याला एक कागद देऊन गेले होते. पडद्याच्या माथ्यावर लिहायचं नाव त्यावर होतं.

"वाचा बरं, काय लिवलं?" कस्तुरानं सहज विचारलं.

"लिवलं हाये... मंडळीचं नाव," कागदाकडे पाहत चंपत म्हणाला.

कागद उलटा होता.

कस्तुराच्या लक्षात आलं. बायाही पाहत होत्या. ती पुढं झाली, कागद त्याच्या हातातून अलगद काढला आणि म्हणाली, "उजेड नाई इथं. या, इकडं वाचू." नुसता कागद सुलटा करून तिनं एकेक अक्षर बोटानं दाखवलं. त्याचे कान गेरूसारखे लाल झाले होते.

सगळ्या बाया गेल्यावर तो जवळ आला. "तुमाले समजलं ना?"

"काय?"

"मी अक्षरं पाहून-पाहून काढतो. चित्रासारखी. मले वाचता नाई येत."

"मंग बसा उद्यापासून बायाईच्या रांगेत."

"अन् तुमाले काय देऊ?"

कस्तुरानं कापडाकडे पाहिलं. तिच्या बाया भिंतीवर चुन्यानं बैल काढायच्या, दारात रांगोळी घालायच्या. पण रंगाची मडकी त्यांनी कधी पाहिली नव्हती. "आमच्या हाती कुंचला द्या," ती म्हणाली.

मग काय विचारता! पडवीत घटकाभर पाटी आणि घटकाभर कुंचला चालू झाला. साठीतल्या सीताबाईंना 'ळ' जमेना, पण बैलाचं वशिंड त्यांनी असं झोकात काढलं की चंपत बघतच राहिला. "हात मोकळा सोडा, मावशी," तो म्हणायचा, "कापड काय मारते का तुमाले?" आणि तो स्वतः 'ख' काढताना जीभ बाहेर काढायचा, तेव्हा साऱ्या बाया पदरात तोंड खुपसायच्या.

"हसता काहून?" तो कस्तुराला विचारायचा.

"तुमचा 'ख' पाहून. पडते का उभा राह्यते, काई सांगता येत नाई."

"तुमी जवळ बसल्या का असंच होते... हात कापते."

कस्तुरा मान खाली घालायची. मडकं उगाचच ढवळायची. रात्री मात्र तेच वाक्य तिला झोपू द्यायचं नाही. चंपत पुढं काही बोलायचा नाही. चौथी शिकलेली बाई आणि आपण असे, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं.

पडदा मात्र भरत चालला. रंगरावांनी राजाची बाग सांगितली होती. महाल आणि कारंजं चंपतनं काढलं. पण बागेत बायांनी मोट ओढणारे बैल काढले, मिरच्यांचा वाफा काढला आणि कारंज्याच्या काठावर पिसारा फुलवलेला एक मोर उभा केला.

दसऱ्याच्या दुपारी पडदा टांगला, तेव्हा सारं गाव जमलं. रंगराव पुढं आले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"राजाच्या बागेत मिरच्या? हे कोणाचं काम?"

कुणीतरी सांगितलं, की म्हाताऱ्यांच्या शाळेचं. रंगरावांनी चंपतला बाजूला घेतलं, पण आवाज सगळ्यांना ऐकू आला. "बायाईनं रंगवलेल्या पडद्यापुढं नाटक केलं, तं चार गावं हसतीन. तू फक्त म्हण का सारं मीच केलं. मेडशीचं, मालेगावचं, साऱ्या पडद्याईचं काम तुलेच देतो."

चंपतनं मान वर केली.

"पाटील, खोटं नाई बोलत. निम्मा पडदा या बायाईचा हाये. अन् वरतं जे नाव लिवलं ना, ते पंधरा दिवसांमागं मले वाचताई येत नव्हतं. या कस्तुराबाईनं शिकवलं." त्यानं एकेका अक्षराखाली बोट फिरवत साऱ्या गावासमोर नाव वाचलं. सावकाश, अडखळत... पण अखेरपर्यंत.

रंगराव गोंधळले. बोलायचं म्हणून बोलले, "बरं, पण मोर तेवढा झकास! तो तं तुह्याच हातचा असंन?"

"नाई जी. तो तुमच्या मायच्या हातचा."

गर्दीत मागं उभ्या असलेल्या जिजाबाई पुढं आल्या. रोज दुपारी देवळात जाते म्हणून निघून पडवीत येणाऱ्या जिजाबाई! "काय पाह्यतं रे रंग्या?" त्या म्हणाल्या. "बायाईचं काम नको ना? मंग पुस आता चुन्यानं. पुस माह्या मोराले!"

गाव असं हसलं की पडदा हलला. रंगरावही हसले, दुसरं करतात काय! नाटक त्याच पडद्यापुढं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंपत मडकी बांधत होता. कस्तुरा पडवीच्या खांबाला टेकून उभी राहिली.

"चालले?"

"हो. पाटलानं मेडशीले निरोप धाडला. मी खोटं नाई बोललो, तरी काम देल्लं."

"अन् काई बोलाचं राह्यलं नाई?"

चंपतनं दोरीला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "हाये... पण तुमी कुठं, मी कुठं..."

"मंग मीच बोलतो." कस्तुराची नजर हलली नाही. "आमच्यात विधवेचं दुसरं लग्न होते, पाट लागते. माह्या बापाले मी काल विचारलं. ते म्हणते, पोरगा खोटं बोलत नाई, बस झालं. आता तुमी सांगा... माह्याशी पाट लावता का?"

चंपतच्या हातातलं निळीचं मडकं कलंडलं. धोतरावर, पायावर, फरशीवर, जिकडं तिकडं निळंच निळं. त्याला त्याचं भानच नव्हतं.

"लावतो," तो म्हणाला. आणि मग जरा घाबरूनच, "पण तुमची शाळा?"

"इथली सीतामावशी पाह्यते. तिले 'ळ' आला आता." कस्तुरा हसली आणि पाट्यांची चळत छातीशी धरून पायरी उतरली. "मेडशीले बाया नाईत का?"