मागच्या सीटवरचं वजन

ही रात्रीची गोष्ट नाही. वारा घोंघावत नव्हता, दिवे गेले नव्हते, कुत्रीसुद्धा रडत नव्हती. भर दुपार होती आणि पत्र्याची शेड उन्हानं तापली होती.

ऐकीव गोष्टही नाही ही. माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलेली आहे. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल थाप समजावी. फक्त आत्यासमोर तसं म्हणायला जाऊ नये.

आत्या वाहन तपासणी केंद्रात परीक्षक होती. तिच्याकडे दुचाकींची रांग. पायात जाड बूट, हातात बॅटरी आणि चेहऱ्यावर कायमची एक आठी.

ती आठी काही उगाच पडलेली नव्हती. दिवसभर तिच्यासमोर काय यायचं? टक्कल पडलेले टायर. पाळण्यासारखी झुलणारी चेन. ब्रेक दाबला तरी न पेटणारा मागचा दिवा. आणि वर गाडीवाल्यांची तोंडं.

"मॅडम, सकाळपर्यंत लागत होता हो दिवा!"

"मॅडम, टायर गुळगुळीत नाहीये, त्याची डिझाइनच तशी आहे."

आत्या म्हणायची, "गाडीचा ब्रेक लागत नाही ते समजू शकते. यांच्या जिभेला तर ब्रेकच बसवलेला नाही."

एका माणसाचीही तिला दया येत नसे. नापास म्हणजे नापास. पुढचा!

त्या दुपारी एक गृहस्थ आला. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट. गाडी अशी चकाचक पुसलेली, की आत्याला तिथंच संशय आला. ज्याला काही लपवायचं असतं तोच एवढं पुसतो, असा तिचा अनुभव.

"जरा लवकर उरका मॅडम. गिऱ्हाईक बाहेर उभं आहे."

गेटबाहेर एक मुलगी उभी होती. नर्स. नुकतीच इस्पितळात लागलेली, ड्यूटीला जायला-यायला गाडी हवी होती. हातात नवंकोरं हेल्मेट धरून ती आशेनं आत बघत होती.

"गिऱ्हाइकाला उभं राहायची सवय असू दे," आत्या म्हणाली. "उतरा."

तो उतरला.

आणि आत्या थबकली...

माणूस गाडीवरून उतरला की गाडी मागून जरा वर उचलली जाते. शॉकअप सुटतात. रोज शंभरदा बघितलेली गोष्ट.

ही गाडी वर आलीच नाही.

मागून तशीच दबलेली. जणू कुणी अजून उतरायचं बाकी होतं.

"शॉकअप गेलेत तुमचे," आत्या म्हणाली.

"काहीतरीच काय! मऊ आहेत जरा."

"मऊ उशी असते. शॉकअप नसतात."

मागचे दोन्ही फूटरेस्ट उघडे होते. आत्यानं बुटाच्या टोकानं ते मिटले आणि टायर बघायला पुढं गेली. टायर नवा. चेन ताणलेली. दिवे, हॉर्न, आरसे, सगळं जिथल्या तिथं.

तेवढ्यात मागं आवाज झाला.

टक्...

मग दुसऱ्या बाजूनं.

टक्...

ती वळली. दोन्ही फूटरेस्ट खाली. गृहस्थ चांगला चार हात लांब उभा, मोबाइलमध्ये डोकं घातलेला.

आत्यानं गाडी रोलरवर घेतली. तिथं चाकावरचं वजन काट्यावर दिसतं. पुढचं बरोबर होतं. मागचं जास्त. थोडंथोडकं नाही, एखाद्या सडपातळ बाईएवढं.

सीटखाली काहीतरी कोंबलंय याने, असं म्हणत तिनं सीट उघडली.

आत काहीच नव्हतं.

सीट परत बसवताना तिचा तळवा मागच्या भागावर टेकला, आणि तिनं चटका बसल्यासारखा हात काढून घेतला.

सीट गरम होती... उन्हानं नव्हे. गाडी तर केव्हाची सावलीत होती. कुणी नुकतंच उठून गेलं की खुर्ची असते ना, तशी ऊबदार.

पुढचा भाग, जिथं तो स्वतः बसून आला होता, तो थंडगार.

"नापास," आत्या म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "शॉकअप बदलून आणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत हजर. कोरे शॉकअप, वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. नर्सही गेटबाहेर आली होती.

तो उतरला. गाडी तशीच दबलेली.

"हे शॉकअप काल बसवलेत!" त्याचा आवाज चढला. "तुम्हा लोकांना बसल्या जागी अडवणूक करायला काय जातं?"

आरडाओरडा ऐकून मोठे साहेब आले. आत्या मनातल्या मनात त्यांना 'खुर्चीसाहेब' म्हणायची. खुर्ची आणि साहेब कधी वेगळे झालेले कुणी पाहिले नव्हते. आज मात्र ते आले, कारण गृहस्थाचा शर्ट इस्त्रीचा होता आणि साहेबांना इस्त्रीवाल्यांचा फार कळवळा.

"काय हो हे? सगळं नवीन आहे, मग नापास कशापायी?"

"मागचं वजन बघा साहेब."

"तुमचा काटा बिघडला असेल. शॉकअप असे बघायचे असतात..." असं म्हणून साहेब स्वतःच मागच्या सीटवर बसले. धप्पकन.

गाडी जराही खाली गेली नाही.

साहेब हसायला लागले होते. ते हसू अर्ध्यात राहिलं. त्यांनी मान हळूहळू खाली केली. स्वतःच्या मांडीकडे पाहिलं. मग विंचू चावल्यासारखे उठले.

पँट झटकली. पुन्हा झटकली.

"नापास करा," एवढंच म्हणाले आणि चालू लागले. खुर्चीकडे नाही, थेट गेटकडे. त्या दिवशी ते परत आले नाहीत. मांडीला काय लागलं होतं, ते त्यांनी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.

साहेबांची पाठ वळली आणि गृहस्थाचा तोल सुटला. तो गाडीवर खेकसला. आत्यावर नव्हे, गाडीवर.

"एवढी जड नव्हतीच ती!"



"कोण?" आत्यानं विचारलं.

तो गाडीचा आरसा पुसायला लागला.

"कोण नव्हती जड?"

"बायको," तो म्हणाला. मग बांध फुटल्यासारखा बोलत सुटला. पण त्यात रडणं नव्हतं. तक्रार होती. "मागच्या तपासणीला मागच्या टायरवरून नापास केली होती गाडी. तुमच्यासारख्याच कुणीतरी. एवढ्याशा कारणासाठी! म्हटलं, बदलू पुढच्या महिन्यात. चालत तर होती. वळणावर चाक घसरलं. मला साधं खरचटलंही नाही, पण ती... नीट धरून बसायची सवयच नव्हती तिला. हजारदा सांगितलं होतं, घट्ट धर म्हणून. ऐकेल तर शपथ!"

आत्यानं उभ्या जन्मात खूप निर्लज्ज पाहिले होते. पण बायको गेली आणि हा चूक काढतोय तिच्या धरण्यात!

"आणि आता हीच गाडी त्या पोरीच्या गळ्यात मारताय?"

"मग काय जन्मभर हे ओझं वागवू? टायर नवीन टाकलाय की!"

तेव्हा आत्याच्या तोंडून ते निघालं. रागानं नाही, ती सांगते. निव्वळ तिरस्कारानं. पायाखालच्या चिखलाशी बोलावं तसं.

"गाडी ठेवा इथंच. आणि तिला पाठुंगळी घेऊन चालत जा घरी."

क्षणभर काहीच झालं नाही.

मग टक्... एक फूटरेस्ट मिटला.

टक्... दुसरा.

आणि गाडी मागून सावकाश वर आली. शॉकअपनी हलकासा उसासा टाकला.

गृहस्थ एक पाऊल पुढं धडपडला, मागून कुणी धक्का दिल्यासारखा. त्याचे खांदे खाली आले. इस्त्रीचा शर्ट गळ्यापाशी ताणला गेला... दोन्ही बाजूंनी, घट्ट.

त्यानं आत्याकडे पाहिलं. मग तो वळला आणि गेटकडे चालू लागला. वाकून. एकेक पाऊल रेटत.

नर्स धावत आत आली. "मॅडम, काय झालं त्यांना? असे का चालतायत?"

"तू दुसरी गाडी बघ, बाई."

"पण ही पास होईल ना? आता तर सरळ उभी आहे."

आत्यानं तिच्या देखत पुन्हा सगळं तपासलं. वजन बरोबर. सीट थंड. नाव ठेवायला जागा नव्हती.

"नापास," आत्या म्हणाली. कारण सांगितलं नाही. नोकरीत पहिल्यांदाच.

गाडी न्यायला तो कधीच आला नाही.

पुढं बऱ्याच महिन्यांनी आत्याला तो दिसला. बसथांब्यावर. बाक रिकामा होता, तरी तो उभा होता. एक आजोबा त्याला "बसा की हो" म्हणत होते आणि तो मान हलवत होता. दोन्ही हात पाठीमागे, बोटं एकमेकांत घट्ट गुंफलेली. लेकराला पाठीवर घेतल्यावर खालून आधार देतो ना आपण, तशी.

वाळून काटकी झाला होता. आत्याला वाटलं, न बघितल्यासारखं करून निघून जावं. पण त्यानं ओळखलं.

"मॅडम," तो म्हणाला. आवाजात आता तक्रार नव्हती. "तेवढं उतरायला सांगा ना तिला."

आत्या बस येते का बघू लागली.

"माझं नाही ऐकत. कधीच नाही ऐकलं. पण तुमचं ऐकते ती..."

एक शब्द पुरला असता. पण उतर म्हटल्यावर ती उतरून जाणार कुठं? आजोबा पलीकडे होते; त्याच्या सर्वांत जवळची पाठ आत्याचीच होती.

समोर जी बस आली तीत आत्या चढली. कुठं जाते तेसुद्धा विचारलं नाही. मागं वळून पाहिलं नाही.

आत्या आता निवृत्त झाली आहे. त्याला तसंच सोडून आली याचं वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं.

"त्याचं? छे!" ती फणकारली. तिरस्कार अजून तसाच ताजा.

मग उठून खिडकीपाशी गेली.

"पण तिला," ती हळूच म्हणाली, "मी त्याच्याबरोबरच जायला सांगितलं रे... तिला जायचं होतं का, ते विचारलंच नाही."