बद्रीमामांचा अंगठा

विजयसिंहांची लाल गाडी बुधवारी सकाळी क्रेनला लटकून आमच्या दारात आली, तेव्हा तिच्या पुढच्या जाळीत झेंडूची फुलं भाजून काळी पडली होती. मी चिमट्यानं एकेक पाकळी उपसत होतो आणि तोंडानं शिव्या देत होतो. दोन दारांची, जमिनीला चिकटून पळणारी स्पोर्ट्स कार. तिला विजयसिंहांच्या निवडीच्या मिरवणुकीत तीन तास पहिल्या गिअरवर रखडवली होती. पुढून पाच-पाच किलोंचे हार, वरून जेसीबीच्या बकेटमधून फुलं. हवा आत जायची वाटच बुजली. टेम्परेचरचा काटा लाल पट्टीत गेला तसा ड्रायव्हर हार काढायला उतरला, तर विजयसिंहांनी त्याला दरडावून परत बसवलं. कार्यकर्त्यांनी घातलेला हार मारुतीपुढं पोचायच्या आधी काढायचा नसतो म्हणे! देवळाचा कळस दिसायला लागला आणि इंजिन जाम झालं.

असा मूर्खपणा जगात दुसरीकडं कुठं होत असेल असं मला वाटत नाही.

आमचं गॅरेज गेवराईच्या बाहेर, हायवेला लागून. मी सोमेश्वर, आणि मला हातात पाना धरायला शिकवणारे माझे मामा, बद्रीनाथ. जागा विजयसिंहांच्या वडिलांची. त्यामुळं त्यांच्या घरची गाडी आली की हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं, आणि याचाही मला राग आहे.

गुरुवारी इंजिनाचं वरचं झाकण, हेड, खोललं. जळालेल्या झेंडूचा आणि कुलंटचा गोडसर वास शेडभर पसरला. चारपैकी तीन सिलिंडर बरे होते. तिसऱ्यात वरपासून खालपर्यंत ओरखडे, नख अडकेल इतके खोल. मी गेज लावून मोजलं आणि शटरच्या आतल्या बाजूला खडूनं आकडा लिहिला: मिलिमीटरचे सत्तावीस शतांश.

"हे इंजिन बाद झालंय मामा," मी म्हणालो. "सगळा ब्लॉक ॲल्युमिनियमचा. आतला थर केसाएवढा न्हाई. घासून मोठं करायला बोअर कुठं मारता? पुण्याला मागून ठोकलेली अशीच गाडी आलीय भंगारात. तिचं इंजिन चांगलंय. तेच आणू."

मामांनी हात साबणानं धुतले, फडक्याला पुसले. ही त्यांची जुनी रीत. गेज काहीही सांगो, सिलिंडरच्या भिंतीवरून ते उजवा अंगठा एकदा वरून खाली फिरवत आणि मगच निकाल देत. त्या हाताच्या पाचही बोटांवर एक तिरपा व्रण होता. फार पूर्वी फॅनच्या पट्ट्यात हात गेलता, तेव्हाचा. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकच रेघ.

अंगठा तिसऱ्या सिलिंडरमध्ये नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिला.

"हेच होईल," मामा म्हणाले. "बांधू हेच."

"कशानं?"

"बगू की. थांब जरा."

विजयसिंहांना फोन केला, तर त्यांनाही हेच हवं होतं. "इंजिन तेच पायजे. बदललं की नंबर बदलतो, आरटीओच्या चकरा. वर गावभर होईल, भाऊच्या गाडीचं काळीज बदललं." मी फोन ठेवला आणि रिकाम्या डब्याला लाथ घातली.

शुक्रवारी पुन्हा मोजलं. एकोणीस.

काल आपण चुकलो, असं मी मानलं. माणूस रागात असला की आकडा चुकतो. शनिवारी आठ भरले. मी गेज खऱ्या मापाच्या कडीवर तपासलं. गेज बरोबर होतं. नख फिरवलं, ते कुठंच अडकलं नाही. बाहेर उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून कारखान्याकडं चालले होते. त्या गोंगाटात मी शटरवरचे तिन्ही आकडे पुन्हा पुन्हा वाचत उभा राहिलो.

दुपारी मामा रेशन दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परतले.

"अंगठाच लागंना बे मशीनला," ते हसत म्हणाले. "चार बार दाबला. दुकानदार म्हनला, मामा, तुमी हायेत का न्हाई?"

मी त्यांचा हात उजेडात धरला. अंगठ्याचं पेर गुळगुळीत झालं होतं. एक रेघ नव्हती, व्रणही नव्हता. तिरपी रेघ आता शेजारच्या बोटापासूनच सुरू होत होती.

"डिझेलनं घासलंय," मी म्हणालो. "सिमेंटवाल्यांचंबी असंच होतं." हे मी त्यांच्यापेक्षा स्वतःला सांगत होतो. रेघा डिझेलनं झिजतात. पण एवढा जुना व्रण दोन दिवसांत कशानं जातो?

रविवारी सुट्टी होती. सोमवारी गेजचा काटा शून्यावर थांबला. मी बॅटरी आणि भिंग घेऊन तिसऱ्या सिलिंडरमध्ये वाकलो. ओरखडे साफ गेले होते. त्यांच्या जागी बारीक रेघा होत्या, पण यंत्र पाडतं तशा जाळीसारख्या नव्हत्या. एकात एक फिरत गेलेल्या, गोल, आणि मधूनच त्यांना छेदणारी एक तिरपी रेघ.

मी भिंग खाली ठेवलं. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की माझं डोकं आणखीनच फिरतं.

"मामा, आजपासून या इंजिनाला हात लावायचा न्हाई."

"कावून?"

"तुमचा अंगठा गेलाय!"

"दुखतंय कुठं? उलट लई गार वाटतंय." घरच्या पोराकडं बघावं तसं ते ब्लॉककडं बघत होते. "जन्मभर इंजिनं खोलली सोम्या. हातानं बरं होनारं हे एकच सापडलं. दुसऱ्यातबी थोडं खरखरतंय. ते तेवढं बगतो."

नेमके त्याच वेळी विजयसिंह आले. गळ्यात अजून कुठल्या तरी सत्काराचा हार होता. त्यांना मी सगळं सांगितलं. आकडे दाखवले, मामांचा अंगठा दाखवला, भिंग हातात दिलं. त्यांनी वाकून पाहिलं, बराच वेळ. चेहरा जरा उतरला. मग भिंग परत देत म्हणाले, "झालंय तर खरं चकचकीत. मामांना येतंय तर करू दे की. तू मधी कशाला पडतो?"

म्हणजे दिसलं होतं त्याला. दिसूनही तो असं म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागं वळून पाहिलं तर मामांनी हात धुतले होते. ते फडक्याला बोटं पुसत होते, आणि अंगठ्याशेजारचं बोट सरळ करून दुसऱ्या सिलिंडरकडं वाकत होते.

मी कोपऱ्यातला घण उचलला.

"मामा, सरका."

पहिल्या घावाला ब्लॉकची वरची कड उडाली. दुसऱ्याला तडा गेला. तिसरा घाव मी नुसत्या रागापोटी घातला, त्याची गरज नव्हती.

विजयसिंह ओरडत होते. मामा आपल्या हाताकडं बघत होते.

"जागा खाली कर," विजयसिंह म्हणाले. "आठ दिवसात."

"करतो. पुण्याचं इंजिन बसवतो, गाडी देतो, मग निघतो. पण मामांचा हात या गाडीला परत लागनार न्हाई."

पुण्याचं इंजिन पुढच्या सोमवारी आलं, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, वर चिकटपट्ट्या. टेम्पोतून मी आणि ड्रायव्हरनं उतरवलं. मामांना मी बाहेर लिंबाखाली बाजेवर बसवलं, उजव्या हातात चहाचा कप दिला आणि आत येऊ नका म्हणून बजावलं. ते उठले नाहीत. माझं तोंड शेडकडं असलं तरी मान त्यांच्याकडं वळलेली होती, म्हणून खात्रीनं सांगतो, ते उठले नाहीत.

चिकटपट्ट्या मीच कापल्या. मामांनी हे इंजिन पाहिलंही नव्हतं.

बसवायच्या आधी आत बघायला हवं होतं. मी प्लग काढले आणि पहिल्या सिलिंडरमध्ये कॅमेऱ्याची वायर सोडली.

स्क्रीनवर भिंत आली. स्वच्छ, ओरखडा एकही नाही.

गोल रेघा. एकात एक. त्यांना छेदणारी तिरपी रेघ.

दुसऱ्यात सोडली. तीच रेघ, जरा खाली.

तिसऱ्यात त्याहून खाली.

चौथ्यातल्या गोल रेघा लहान होत्या, करंगळीएवढ्या.

मी वायर हातात तशीच धरून बाहेर आलो. मामा होते तसेच बाजेवर बसले होते, नजर हायवेवर. माझी चाहूल लागली तसं त्यांनी मान न वळवता, हळू आवाजात विचारलं,

"सोम्या, जरा बग बरं. कप माझ्या हातात हाय का?"