सोलचा गठ्ठा

सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या कारखान्यात आम्ही जुन्या प्लॅस्टिकचे दाणे करायचो. त्या दाण्यांचे पुढे जमिनीखालचे पाइप व्हायचे, नाहीतर शेजारच्या शेडमध्ये चपलांचे तळवे. मी तिथे इंजिनिअर, मूळचा नाशिकचा. १९९१च्या हिवाळ्यात परदेशातून भंगार म्हणून ग्रामोफोनच्या तबकड्या यायला लागल्या, सुतळीने बांधलेले पन्नास-पन्नासचे गठ्ठे. मधला गोल कागद काढल्याशिवाय तबकडी चक्कीत टाकता येत नाही, दाण्यात पांढरे ठिपके येतात. त्या कागदाला कामगार टिकली म्हणायचे. टिकल्या काढायचं काम नंदुरबारकडच्या झिपरूकडे होतं.

एका गठ्ठ्यावर इंग्रजीत 'सोल' लिहिलेलं होतं. सोल म्हणजे आत्मा, अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गाणी, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. सहज घरी नेला, सासऱ्यांनी दिलेला प्लेयर पुसला आणि पहिल्याच गाण्याने माझी विकेट काढली. मग काय, वेडच लागलं. गठ्ठेच्या गठ्ठे वजनावर विकत घेऊ लागलो. आत काय निघेल ते सोडल्याशिवाय कळायचं नाही, खरी मजा त्यात होती. अनुराधा, माझी बायको, म्हणायची, "अहो, लोक घरात सोनं आणतात, तुम्ही भंगार आणता." आणि संध्याकाळी तीच विचारायची, आज काय निघालं म्हणून.

मार्चमधला रविवार होता, भर दुपार. अनुराधा गच्चीवर पापड वाळत घालत होती. नव्या गठ्ठ्यात एक तबकडी निघाली, तिची टिकली लालभडक आणि कोरी. ना गाण्याचं नाव, ना गाणारीचं. मी लावली. एक बाई इंग्रजीत गात होती, जीव तोडून. गाणं संपलं, थोडी खरखर झाली आणि मग अगदी जवळून आवाज आला.

"जाते हं मी."

मी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

तबकडीवर कडी दोनदा खटखटली. आमच्या दाराची कडी अडकायची, दोनदा उचलावी लागायची. मग जिना उतरणारी पावलं आली, चपला घातलेली. डाव्या पायाला कुरकुर होती. मी सवयीने मोजली, एकोणीस. पुढे नुसती सुईची टकटक.

मी अनुराधाला हाका मारून खाली बोलावलं आणि पुन्हा लावली. तिचे पिठाचे हात तसेच हवेत राहिले.

"अहो, हा माझा आवाज आहे."

"भलतंच काय!"

"माझाच आहे. पण मी जाते कधी म्हणते? येते म्हणते. लहानपणी एकदा जाते म्हटलं तर आईने तोंडावर चापट मारली होती. घरातून निघताना जाते म्हणतं का कुणी?"

खोटं कशाला बोलू, माझी बोबडी वळली होती. तरी इंजिनिअर ना, मुद्दा काढला. "तुझ्या चपला कुरकुरतात का? नाही ना? मग ती तू नाहीस."

"आधी ते घराबाहेर काढा," ती म्हणाली.

आमच्या जिन्याला एकोणीसच पायऱ्या आहेत, हे मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती तबकडी गठ्ठ्यात बांधून झिपरूपुढे ठेवली. "हा सोलचा गठ्ठा आजच चक्कीत टाक. माझ्यासमोर." त्याने टिकल्या काढल्या, चक्की फिरली, काळा चुरा पडला. तो पाइपात जाईल आणि कुठेतरी जमिनीत पुरला जाईल, या विचाराने मला हायसं वाटलं. तरी महिनाभर मी अनुराधाला एकटीला कुठे जाऊ दिलं नाही. शेवटी तीच चिडली, म्हणाली, मी काय कैदी आहे?

एप्रिलातली सकाळ होती. मी न्हाणीत दाढी करत होतो. अनुराधा दळणाचा डबा घेऊन निघाली होती. बाहेरच्या खोलीतून कुरकुर ऐकू आली.

एका पायाची. डाव्या.

"चपला कुठल्या गं?"

"झिपरूभाऊंनी दिल्या काल. तुमच्याच मालाच्या आहेत म्हणाले. छान आहेत ना?"

मी वस्तरा टाकला.

"जाते हं मी," ती म्हणाली. हसणं तेवढं नेहमीसारखं.

कडी दोनदा खटखटली.

मी धावलो. दार तिने ओढून घेतलं होतं, कडी अडकली होती. मी एकदा उचलली, उघडेना. जिन्यात पावलं वाजत होती. मी पुन्हा उचलली.

जिना रिकामा होता. कुरकुर मात्र खाली खाली जात होती. सतरा. अठरा. एकोणीस.

शेवटच्या पायरीवर डबा होता, झाकण लावलेला. शेजारी चपला, नीट जोडून ठेवलेल्या. फाटकावर बसलेला झुंबर वॉचमन म्हणाला, "बाई? बाई तं खाली आल्याच नाहीत, साहेब."

पोलिसांनी जवळच्या धरणाचा काठ पार दुधनी गावापर्यंत पालथा घातला. झिपरू माझ्यासमोर बसून रडला. "साहेब, तुम्हीच तं बोलले, सोलचा गठ्ठा शे म्हणून. मंग मी सोलच्या मालात टाकला." कारखान्यात चपलांच्या तळव्यांना सोलच म्हणतात. मी स्वतः रोज म्हणत होतो.

चार वर्षं झाली. मी सिल्वासा सोडलं नाही. कडी मी त्याच आठवड्यात बदलली, आता ती एका बोटाने उघडते. चपला कपाटात आहेत, कागदात बांधलेल्या. गठ्ठे अजून घेतो. गाण्यांकडे लक्ष नसतं, गाणं संपल्यावरची खरखर ऐकतो. कुठल्यातरी तबकडीवर ती येते म्हणाली असेल, एवढ्या एका आशेवर.

काल दुपारी लालभडक, कोऱ्या टिकलीची एक तबकडी निघाली. गाणं संपेपर्यंत मी श्वास रोखून बसलो. ती काही बोलली नाही. नुसती पावलं आली, जिना चढणारी. मी मोजली, एकोणीस. अनवाणी होती.

मग कडी वाजली. एकदाच.